मैदानाच्या मधोमध थांबलेली बर्फगाडी

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला किंवा माझ्या जातीच्या कुणाला पाहिले असेल. मी बर्फगाडी आहे, आणि आता म्हातारी झाले आहे. छपराखालच्या बर्फाच्या मैदानावर मुले पात्यांचे बूट घालून हॉकी खेळतात. त्या पात्यांनी बर्फावर ओरखडे उठतात, भुगा साठतो. मग खेळ थांबतो आणि मी आत येते. माझ्या पोटाखाली एक लांब धारदार पाते आहे. ते बर्फाचा वरचा पापुद्रा तासते, भुगा मी पोटात घेते आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते. ते पाणी गोठले की मैदान आरशासारखे लख्ख होते.

माझा जन्म कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात झाला. तिथे उन्हाने रस्त्यावरचे डांबर मऊ पडायचे. मला निळा रंग दिला, चाकांना खिळे ठोकले आणि ट्रकवर चढवून उत्तरेला धाडले. मिनेसोटाच्या वरच्या टोकाला, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात वेल्डन नावाचे गाव आहे. मी तिथे उतरले तेव्हा निम्मे गाव मला बघायला जमले होते.

ते दिवस कौतुकाचे होते. मी आत शिरले की मुले काचेला नाक लावून उभी राहायची. ज्याचा वाढदिवस असेल त्याला माझ्यावर बसवून एक फेरी मारत. मैदानाचा व्यवस्थापक ड्वेन प्रेबिच मला चालवायचा. थंडी सुरू होण्याआधी दर वर्षी डुलूथ शहरातून मेकॅनिक यायचा आणि माझे इंजिन उघडून साफ करायचा. मी गॅसच्या टाकीवर चालते. बंद जागेत फिरणाऱ्या इंजिनाला जास्त जपावे लागते, हे ड्वेनला पक्के ठाऊक होते. दुपारी तो माझ्या पायरीवर बसून त्याच्या आईने भाजलेला अक्रोडाचा गोड रोल खायचा आणि हात पुसल्याशिवाय मला हात लावायचा नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्या दिवसांची नाही. एका हिवाळ्यात माझ्या धुरातून विष निघत होते आणि मला ते कुणालाच सांगता येत नव्हते. ही त्या हिवाळ्याची आणि मार्नी कोस्केला नावाच्या मुलीची गोष्ट आहे.

मार्नी अगदी लहान असल्यापासून माझ्या बर्फावर खेळायची. तिचा बाप रॉइस खाणीत घराएवढा ट्रक चालवायचा आणि पाळी संपली की गावातल्या बारा वर्षांखालच्या मुलांना हॉकी शिकवायचा. तरुणपणी हॉकीच्या जोरावर त्याला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली होती. पहिल्याच हंगामात गुडघा निकामी झाला, शिष्यवृत्ती गेली आणि तो गावी परत आला. तरीही मुलीचा कॉलेजचा रस्ता याच बर्फावरून जाणार, असे त्याने मनाशी घट्ट धरून ठेवले होते. उन्हाळी शिबिरे, नवे बूट, दूरदूरच्या स्पर्धा यांत तो खाणीची कमाई ओतत होता.

दहावीचे वर्ष संपताना एके संध्याकाळी बाप-लेक माझ्या खोलीच्या दाराशी उभे होते. मार्नीने त्याला सांगितले की ती संघ सोडते आहे आणि ड्वेनकडे बूट भाड्याने द्यायच्या खिडकीवर काम धरते आहे. रॉइसला आधी ती थट्टाच वाटली.

“एवढी वर्षं मेहनत केलीस, ती काय लोकांचे घामट बूट पुसायला?” तो म्हणाला.

“बाबा, या गावातून हॉकीवर कॉलेजला गेलेली एक तरी मुलगी दाखव.”

“तू हो की पहिली.”

“आणि मध्येच काही झालं तर?” मार्नीने त्याच्या गुडघ्याकडे पाहिले. पुढचे बोलावे की नाही, याचा ती विचार करत असावी. मग ती बोलली. “तुझं कॉलेज तुझ्या गुडघ्यावर उभं होतं, बाबा. मी माझं गुडघ्यावर उभं करणार नाही.”

रॉइसने हातातली हॉकीची रबरी चकती खिशात घातली आणि तो निघून गेला. बराच वेळ बाहेर त्याच्या गाडीचे इंजिन नुसते चालू असलेले मला ऐकू येत होते. त्यानंतर बाप-लेक एकाच छपराखाली आपापली कामे करत, पण बोलणे जेवढ्यास तेवढे.

मार्नीने हट्टाने काही केले नव्हते. तिला पाण्याचे शास्त्र शिकायचे होते. वेल्डनच्या भोवती जुन्या खाणींचे खोल खड्डे आहेत. ते आता पाण्याने भरले आहेत आणि त्यांचे निळेपण बघत राहावे असे आहे. त्या पाण्यात काय काय उतरले आहे, हे तिला शोधायचे होते. डुलूथच्या विद्यापीठात तो विषय होता, पण चारही वर्षे तिथे राहून शिकायचे तर घरावर कर्ज झाले असते. मग तिने त्या चार वर्षांचे तुकडे पाडले. शाळेत असतानाच जवळच्या सार्वजनिक कॉलेजात काही विषय फुकट शिकता येत होते. ते ती सकाळी शिकू लागली. त्यांतला कुठला विषय पुढे विद्यापीठात धरला जाईल आणि कुठला वाया जाईल, हे तिने डुलूथला फोन करून आधीच विचारून घेतले. शाळा संपल्यावर घरी राहून त्याच कॉलेजात आणखी शिकायचे, आणि शेवटची दोन वर्षे तेवढी डुलूथला काढायची. मैदानावरची कमाई ती त्या दोन वर्षांसाठी बाजूला टाकत होती. बूट पुसता पुसता ती हे सगळे ड्वेनला सांगायची आणि पातळ भिंतीपलीकडे उभी राहून मी ऐकायचे. ड्वेन तिला म्हणायचा, “तू आमच्या कमिटीत असायला हवी होतीस. निदान मैदान तरी तोट्यात गेलं नसतं.”

बारावीच्या ऑक्टोबरात तिला अठरा पूर्ण झाली. अठराच्या आतल्या कुणी मला चालवायचे नाही, असा मैदानाचा नियम होता. वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी ड्वेनने तिला माझ्या आसनावर बसवले. पहिल्या फेरीत तिने एक पट्टा कोरडाच सोडला आणि दुसरीकडे पाण्याचे तळे केले. ड्वेन हसला नाही. त्याने तिला पुन्हा फिरवले. महिन्याभरात ती इतक्या हलक्या हाताने कोपरा घ्यायला शिकली की मला माझे वय विसरायला व्हायचे.

आता ड्वेनबद्दल सांगते. तो वाईट माणूस नव्हता. मैदान परवडत नाही, बंद करा, असे गावाची कमिटी दर बैठकीला म्हणत होती. ड्वेनने कुठे कुठे हात आखडता घेतला, ते कुणी पाहिले नाही. डुलूथच्या मेकॅनिकला दोन हंगाम बोलावलेच नाही. भिंतीतला मोठा पंखा आतली हवा बाहेर फेकायचा. त्याची मोटर जळाली, ती उन्हाळ्यात बदलू म्हणून राहून गेली. हवा बिघडली की वाजणारे एक छोटे यंत्र मैदानाच्या भिंतीवर होते. ते नोव्हेंबरात सारखे वाजू लागले. त्याची बॅटरी बदलूनही ते गप्प बसेना, तेव्हा ड्वेनला वाटले की यंत्रच बिघडले. त्याने ते काढून टेबलाच्या खणात टाकले.

ते बिघडले नव्हते. बिघडले होते माझे इंजिन. गॅस पुरता जळत नव्हता. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. बाहेर हाडे गोठवणारी थंडी असल्यामुळे सगळी दारे गच्च लावलेली असत. मी फेरी मारून माझ्या खोलीत परत यायचे आणि तो वायू मागे बर्फावर साचून राहायचा. मी धडधडत होते, अडखळत होते. थंडीने होते असे, म्हणून ड्वेन माझ्या पाठीवर थाप मारायचा.

नाताळच्या आधी मार्नीचे डोके दुखू लागले.

ती मला जागेवर आणून लावायची आणि खाली उतरल्यावर माझ्या चाकाला टेकून उभी राहायची. कधी तिला मळमळायचे. कधी किल्ली हातात असून ती किल्ली शोधायची. तिला वाटले, हे दमल्यामुळे होते आहे. सकाळी कॉलेज, दुपारी शाळा, संध्याकाळी मी. शाळेतल्या सल्लागार बाईंनी तिला आधीच बजावले होते की एवढे ओझे फार थोड्यांना पेलते. आपण त्या थोड्यांपैकी नाही की काय, अशी धास्ती तिला बसली होती.

एकदा ती अशीच टेकून उभी असताना रॉइस आत आला.

“काय होतंय?”

“काही नाही. झोप कमी झाली.”

“होणारच. तीन-तीन दगडांवर पाय ठेवून उभी आहेस.” तो जवळ आला आणि त्याने तिचा चेहरा नीट पाहिला. “हे बघ, आजारी पडलीस किंवा एखादा विषय हातचा गेला, तर हे काम बंद. आईशी माझं बोलणं झालंय.”

तो रागाने बोलला नाही. म्हणूनच मार्नी जास्त घाबरली. काम बंद म्हणजे डुलूथ बंद, हे तिला ठाऊक होते. त्या दिवसापासून ती बापासमोर ताठ उभी राहू लागली. डोकेदुखीच्या गोळ्यांची बाटली तिने माझ्या आसनाखाली लपवली आणि कुणी आसपास नसले की ती दोन गोळ्या कोरड्याच गिळायची.

मित्रांनो, माझी त्या दिवसांत जी तगमग झाली ती कशी सांगू? मुलगी स्वतःला दोष देत होती आणि दोष माझ्या पोटात होता. जितके तिला बरे वाटत नसे, तितकी ती नेटाने कामावर यायची. आणि जितकी ती यायची, तितके मी तिला ते विष पाजत होते.

गावातल्या व्यापाऱ्यांचे एक मंडळ दर वर्षी काम करत शिकणाऱ्या एकाला मदत देत असे. ड्वेन त्या मंडळात होता आणि मार्नीसाठी तो शब्द टाकणार होता. ती बैठक फेब्रुवारीतल्या स्पर्धेनंतर लगेचच्या सोमवारी होती. तेवढे दिवस निभावून नेऊ, असे मार्नी स्वतःशीच पुटपुटायची.

स्पर्धेला आजूबाजूच्या गावांतून मुले आली. सकाळपासून एकामागून एक सामने झाले आणि प्रत्येक वेळी मला बर्फावर जावे लागले. एरवी मी आठवड्यात जितकी फिरत नसे तितकी त्या एका दिवसात फिरले. गॅलरी भरली होती. पोरांच्या आज्या मांडीवर पांघरुणे घेऊन बसल्या होत्या. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून कुणीतरी दारांच्या फटींत टॉवेल कोंबले होते.

संध्याकाळी अंतिम सामना लागला. रॉइसचा संघ त्यात होता. तीन भागांपैकी दुसरा भाग संपत आला तेव्हा वेल्डनचा छोटा राखीव गोलरक्षक एमेट बाकावरून उठून माझ्या खोलीत आला. त्याला उलटी झाली होती. तो माझ्या पायरीवर बसला. मार्नीने त्याचे शिरस्त्राण काढून त्याला पाणी दिले.

“काय खाल्लंस?”

“काहीच नाही. सकाळपासून डोकं दुखतंय.” एमेटने दोन्ही हात कानांवर दाबून दाखवले. “हेल्मेट घट्ट झाल्यासारखं. काढलं तरी घट्टच.”

मार्नी त्याच्याकडे बघत राहिली. तिला स्वतःला तसेच दुखत होते, अगदी तसेच. तिने मान वळवून काचेतून बाकांकडे पाहिले. पाहुण्या संघातली दोन मुले गुडघ्यांत डोके घालून बसली होती. त्यांचा शिक्षक कपाळ चोळत होता. मग ती माझ्याकडे वळली. माझे इंजिन पुढच्या फेरीसाठी चालूच होते. तिचा हात हळूहळू तिच्या तोंडावर गेला. मित्रांनो, तेव्हा मला कळले की अखेर तिला कळले.

तिने एमेटला परत बाकावर नेऊन बसवले आणि ती ड्वेनला हाताला धरून आत घेऊन आली. गाडीतून वायू येतो आहे, पोरांना त्रास होतो आहे, पंखा लावा, असे तिने एका दमात सांगितले. पंख्याची मोटर जळाली आहे, असे ड्वेन म्हणाला. दार उघडायला सांगितले, तर बाहेरची थंडी आत आली की मैदानावर धुके धरेल, खेळ दिसणार नाही, म्हणाला. ती म्हणाली, मग सामना थांबवा.

“कमिटी बसलीय वर,” ड्वेन दबक्या आवाजात म्हणाला. “आज सामना अर्धवट राहिला तर उद्या मैदानाला टाळं लावतील. पोरांना कँटीनमधलं काहीतरी बाधलं असेल. आणि तू दमलीयस, मार्नी. तुझा बाप म्हणतोय ते काही खोटं नाही.”

“ड्वेन, मी दमलेली नाही.”

“शेवटची फेरी मार आणि घरी जा. सोमवारी बैठक आहे, हे लक्षात ठेव.”

तो असे बोलला खरा, पण तिच्याकडे बघून बोलला नाही. तो गेला. भोंगा वाजला. दुसरा भाग संपला होता आणि मैदान माझी वाट बघत होते.

मार्नी माझ्यावर चढली. पुढच्या घडीला ती काय करणार हे मला ठाऊक नव्हते. सांगितल्याप्रमाणे फेरी मारली असती तर तिला कुणी नावे ठेवली नसती. सोमवारी मदत मिळाली असती, उन्हाळ्यात ती मोकळी झाली असती. दार उघडले आणि आम्ही बर्फावर उतरलो. तिने पाते खाली केले नाही. पाणी सोडले नाही. मला सरळ मैदानाच्या मधोमध नेले, किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

लाउडस्पीकरवर गाणे चालू होते. गॅलरीत हशा पिकला. कुणी शिट्ट्या मारल्या. गॅस भरायला विसरलीस काय ग, असे कुणीतरी ओरडले. मार्नी जागची हलली नाही. थोड्या वेळाने हसणे थांबले आणि लोक चिडू लागले. ड्वेन कुंपणाच्या दाराशी पांढराफटक पडून उभा होता.

रॉइस आपल्या साध्या बुटांनी सावरत सावरत बर्फावरून आला. त्याचे कान लाल झाले होते.

“बंद पडली का?”

“नाही. मी बंद केली.”

“मार्नी, सगळं गाव बघतंय. हलव ती.”

“बाबा, माझं डोकं नाताळाच्या आधीपासून दुखतंय. रोज, इथं आल्यावर. मी तुला खोटं सांगितलं.” तिने बाकाकडे बोट दाखवले. “मला वाटलं, मला झेपत नाहीये. आज एमेटचंही तसंच दुखतंय. तो कुठं कॉलेजला जातो? तो कुठं काम करतो?”

रॉइसने बाकाकडे पाहिले. एमेट आता बसलेला नव्हता. तो फळीवर आडवा झाला होता आणि शेजारचा मुलगा त्याला हलवत होता. रॉइसने स्वतःच्या कपाळावर हात ठेवला. त्याचेही दुखत असावे.

मग तो धावला. बर्फावर दोनदा पडला आणि दोनदा उठला. सगळे बाहेर, बूट राहू द्या, सामान राहू द्या, आत्ताच्या आत्ता बाहेर, असे तो ओरडत होता. त्याचा आवाज मुलांच्या ओळखीचा होता, ती लगेच उठली. मोठ्यांना वेळ लागला. काहींनी काय झाले म्हणून विचारत जागा धरून ठेवल्या. तेवढ्यात ड्वेन हलला. तो धावत माझ्या खोलीत गेला आणि भुगा बाहेर टाकण्याच्या मोठ्या दाराची साखळी दोन्ही हातांनी ओढू लागला. दार वर गेले आणि गोठलेली हवा पांढऱ्या लोंढ्यासारखी आत घुसली. काही क्षणांत मला समोरचे काही दिसेनासे झाले.

धुक्यातून नुसते आवाज येत होते. पात्यांच्या बुटांनी मुले सिमेंटवरून खडखडत बाहेर चालली होती. कुणीतरी एमेटला सारखी हाक मारत होते आणि तो ओ देत नव्हता. मार्नी माझ्यावरून खाली उतरली, दोन पावले चालली आणि माझ्या चाकापाशी खाली बसली. तिला उठता येईना. मी तिला उचलू शकत नव्हते. हाकही मारू शकत नव्हते. एमेटला बाहेर देऊन रॉइस परत आत आला तेव्हा तो तिचे नाव घेत होता, आणि ती उत्तर देत होती, पण इतके हळू की त्याला ऐकू जात नव्हते. शेवटी त्याचा हात माझ्या पत्र्याला लागला. पत्रा चाचपत तो चाकापर्यंत आला आणि तिला खांद्यावर घेऊन निघून गेला.

अग्निशमन दलाची माणसे आली, तेव्हा दार उघडून बराच वेळ झाला होता. तरी आत पाऊल टाकताच त्यांच्या हातातले यंत्र किंचाळू लागले. ते घेऊन एकजण माझ्याजवळ आला आणि चटकन मागे सरला. त्या रात्री मैदानात मी एकटी होते. मुलांचे काय झाले हे मला सांगायला कुणी नव्हते.

सगळी मुले वाचली. बरीचशी प्राणवायू लावल्यावर त्याच रात्री घरी गेली. एमेटला शुद्धीवर यायला पहाट झाली. मार्नी तीन दिवस इस्पितळात होती, आणि पुढे कितीतरी दिवस तिला वाचलेले लक्षात राहत नव्हते. कॉलेजातला गणिताचा विषय तिला सोडून द्यावा लागला.

गाव तिच्या पाया पडले असेल, असे तुम्हाला वाटत असेल. तसे झाले नाही. एमेटची आई तिच्यासाठी रोज जेवण घेऊन गेली. पण एवढा तमाशा कशाला, हळूच सांगता आले असते, असे म्हणणारेही होते. तिने आधी हळूच सांगितले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. मैदानाला कुलूप लागले आणि तिचे काम गेले. ड्वेनने कमिटीसमोर स्वतः उभे राहून सांगितले की यंत्र मी काढले, मेकॅनिकला मी बोलावले नाही. मग त्याने नोकरी सोडली. जायच्या दिवशी तो माझ्या खोलीत आला. मार्नी तिचा डबा आणि हातमोजे न्यायला आलेली होती.

“मी तुझ्यासाठी शब्द टाकला असता,” तो म्हणाला. “आता माझ्या शब्दाला काही किंमत उरली नाही.”

“दार तुम्ही उघडलंत, ड्वेन,” मार्नी म्हणाली. त्याने मान हलवली आणि तो गेला. मंडळाची मदत त्या वर्षी लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या एका मुलाला मिळाली.

वसंत आला तेव्हा डुलूथच्या मेकॅनिकला बोलावणे गेले. त्याच्या मदतीला रॉइस उभा राहिला, आणि बापाला विजेरी धरायला मार्नी. मेकॅनिक जेवायला गेला की बाप-लेक माझ्या उघड्या इंजिनापाशी बसत. पहिले दोन दिवस ते पक्कड-पान्यांबद्दलच बोलले. तिसऱ्या दिवशी रॉइस माझ्या आत बघत म्हणाला, “तू दमलीयस, असंच मी धरून चाललो. खरं सांगायचं तर मला तसंच हवं होतं.”

“मीही तेच धरून चालले होते,” मार्नी म्हणाली.

मग त्याने तिच्या हातातून विजेरी घेतली. “आता सांग तुझा बेत. पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही.”

तो मध्ये बोललाच. हा विषय डुलूथला धरतील कशावरून, तिथे राहशील कुठे, गणिताचे काय करणार, असे त्याने चार ठिकाणी अडवले. तिच्याकडे प्रत्येकाचे उत्तर होते, फक्त गणिताचे नव्हते. ते उन्हाळ्यात पुन्हा घ्यायचे, तर कॉलेज लांब, आणि उन्हाळ्यात बस नसते. जुनी गाडी घेतली तर साठवलेले सगळे त्यातच जाईल, ती म्हणाली.

“माझी पाळी दुपारची करून घेतो,” रॉइस म्हणाला. “सकाळी मी सोडीन.”

त्या उन्हाळ्यात मार्नीने गावातल्या बेकरीत काम धरले. गणित पुरे केले. बेत सहा महिन्यांनी लांबला, पण मोडला नाही. जवळच्या कॉलेजात शिकून ती एका जानेवारीत डुलूथला गेली, डोक्यावर कर्ज न घेता. आता ती सुट्टीत येते तेव्हा खाणीच्या खड्ड्यांतले पाणी बाटल्यांत भरून नेते आणि रॉइस तिच्याबरोबर होडीत बसून वल्ही मारतो.

मैदानासाठी गावाने विजेवर चालणारी नवी गाडी घेतली. मला बरे करून शाळेमागच्या उघड्या मैदानावर पाठवले. इथे डोक्यावर आभाळ आहे आणि माझा धूर वाऱ्याबरोबर निघून जातो. तरीही दर वर्षी माझे इंजिन उघडले जाते. संध्याकाळी रॉइस मला चालवतो. कुणी पोर डोके धरून बसलेले दिसले की तो आधी मला बंद करतो, खाली उतरतो आणि त्याच्याजवळ जाऊन बसतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात माझ्यासारखी अनेक यंत्रे राबत असतील. आम्हाला दुखले तर बोलता येत नाही. आम्ही फार तर अडखळतो, धडधडतो. त्याला थंडी म्हणू नका. आम्हाला वेळच्या वेळी उघडून बघा. आणि तुमच्यापैकी कुणी काम करून शिकत असेल, आणि एके दिवशी भिंतीला टेकून उभे असलेले दिसले, तर ‘तुला झेपत नाही’ असे घाईने म्हणू नका. कधीपासून दुखते आहे ते विचारा. कुठे गेल्यावर दुखायचे थांबते, तेही विचारा. आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या.